अन्नमय मनाला औषध

पोट दुखले असता डॉक्टरकडे जाण्यात ज्या भाविक गृहस्थाला कसलाही संकोच वाटत नाही, मोतीबिंदू काढून घेताना जो आपल्या श्रद्धेची झडती घेत बसत नाही आणि रक्तदाबाची गोळी जो संध्येच्या नियमाने घेतो, तोच गृहस्थ विषादाने ग्रासला जाऊन मनोविकारतज्ज्ञाकडे गेला आणि त्याच्या हाती सर्ट्रालिनची चिठ्ठी पडली, म्हणजे एकाएकी तत्त्वचिंतक होतो. इतकी वर्षे केलेले नामस्मरण कोठे गेले, जे मन ईश्वराच्या चरणी वाहावयाचे ते पन्नास मिलिग्रॅमच्या गोळीने ताळ्यावर येत असेल तर त्यात वाहण्याजोगे होते तरी काय, आणि गोळीने येणारी शांती माझी म्हणावी की ज्या कारखान्यात ती गोळी तयार झाली त्याची, असे प्रश्न तो विचारू लागतो. आणि पुष्कळदा या प्रश्नांच्या भरात गोळी न घेताच राहतो. हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. डॉक्टरांना ते ऐकून घेण्याची सवड नसते आणि प्रवचनकारांना औषधांची माहिती नसते, त्यामुळे प्रश्नकर्ता दोन्ही दफ्तरांतून परत पाठवलेल्या अर्जासारखा मध्येच अडकून पडतो.

माझे या बाबतीतले म्हणणे असे की, या संकोचाला आपल्या दर्शनांत आधार नाही. मन हा आत्म्याचाच एखादा कोवळा भाग आहे आणि त्याला रसायनाचा स्पर्श होणे म्हणजे काही तरी पवित्र विटाळणे आहे, ही समजूत कितीही सोज्ज्वळ वाटली तरी ती उपनिषदांची नव्हे आणि सांख्यांची तर मुळीच नव्हे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मन हे अन्नाचेच बनलेले आहे असे सांगतो, आणि मुलाची खात्री पटावी म्हणून त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो. सोळाव्या दिवशी बाप वेद म्हणण्यास सांगतो तेव्हा बारा वर्षे अध्ययन करून आलेल्या त्या मुलाला एकही ऋचा आठवत नाही. मग त्याला जेवू घातले जाते आणि सारे पुन्हा आठवते. कोणत्याही प्रयोगशाळेला शोभावा असा हा दाखला आहे. श्वेतकेतूची श्रद्धा त्या पंधरा दिवसांत उणी झाली नव्हती, गुरुकुलातले परिश्रम खोटे ठरले नव्हते. केवळ ज्या द्रव्याच्या आधाराने स्मृती उभी राहते ते द्रव्य आटले होते. सांख्यांनी हीच गोष्ट अधिक करडेपणाने मांडली. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची कार्ये, म्हणून जड. पुरुष तेवढा चेतन, आणि तो केवळ पाहणारा. हा हिशेब मान्य केला, तर गोळीने मनावर परिणाम करणे म्हणजे प्रकृतीच्या एका विकाराने दुसऱ्यावर परिणाम करणे होय. साक्षीला त्याची झळ लागण्याचे कारण नाही.

पतंजलींनी तर आणखी पुढची मुभा दिली आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विक्षिप्त करणारे जे नऊ अंतराय सांगितले आहेत त्यांत पहिला मान व्याधीला आहे. संशय, आळस, भ्रांती ही मंडळी तिच्या मागून येतात. त्या अंतरायांच्या सोबत्यांची जी यादी लगेच पुढे येते, दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अनियमितता, ती एखाद्या चिंताविकाराच्या रुग्णाच्या केसपेपरवरून उतरवून घेतल्यासारखी वाटते. आणि चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धीची जी पाच उगमस्थाने मोजली आहेत त्यांत जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्या पंक्तीला औषधीला निःसंकोच बसवले आहे. मात्र थोडे पुढे गेल्यावर पतंजली एक अट घालून ठेवतात, आणि या सगळ्या वादात ती मला सर्वांत मोलाची वाटते: या पाच प्रकारे घडलेल्या चित्तांपैकी ध्यानातून घडलेले तेवढेच आशयरहित असते. म्हणजे औषधाने चित्त पालटते हे मान्य. पण वासनांचा आणि संस्कारांचा जो साठा तळाशी आहे तो औषधाने उपसला जात नाही. गोळीला काय मागावे आणि काय मागू नये, याची सीमा यापेक्षा नेमकी आखता येईल असे मला वाटत नाही.

हे तत्त्वज्ञान झाले. परंतु ही औषधे कोठून आली याचा इतिहास पाहिला म्हणजे मनुष्याच्या बुद्धीविषयीचा आपला अभिमानही थोडा जाग्यावर येतो, कारण त्यांतली पहिली औषधे कोणी शोधली नाहीत, ती सापडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे औषध देण्यात येत होते, तेव्हा मरणाच्या दारी टेकलेले ते रोगी वॉर्डात नाचू लागल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकली; क्षयाच्या औषधाने विषाद हटतो हे मग पाच वर्षांनी नेथन क्लाइन यांनी पुढे मांडले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये, बोडनझे सरोवराच्या काठी असलेल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलँड कून हे गायगी कंपनीने पाठवलेले एक संयुग स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर चालवून पाहत होते. तेथे ते निरुपयोगी ठरले, पण खोल विषादात बुडालेल्यांना त्याने वर काढले. १९५७ साली प्रसिद्ध झालेले ते इमिप्रामिन. गंमत अशी की कून हे रसायनाचे भक्त नव्हते. ते बिन्स्वांगर यांच्या अस्तित्वमीमांसक संप्रदायातले, रुग्णाचे जग त्याच्या डोळ्यांनी कसे दिसते ते तासन्‌तास ऐकून घेणारे वैद्य होते. (त्यांच्या रुग्णालयातील औषधप्रयोगांची इतिहासकारांनी अलीकडे चौकशी केली, तेव्हा रुग्णांची संमती ही बाब त्या काळी किती सैल होती हेही उघड झाले, शोधाच्या कथेतून ते वगळणे प्रामाणिकपणाचे नव्हे.)

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेचा उपयोग आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होता. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काहींना विषाद जडल्याच्या तक्रारी आल्या, आणि रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये रिकामी करते हेही दिसले. दोन बातम्या एकत्र ठेवून शास्त्रज्ञांनी तर्क बांधला की विषाद म्हणजे या द्रव्यांचा तुटवडा. तर्क सुबक होता, आणि सुबक तर्कांचा अंमल पुराव्यापेक्षा अधिक काळ टिकतो. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली, प्रोझॅक या नावाने त्याचा जगभर डंका वाजला, आणि मधुमेह्याला इन्सुलिन तसे विषादग्रस्ताला सेरोटोनिन, हे वाक्य दवाखान्यादवाखान्यांतून रूढ झाले. हे वाक्य रुग्णाची लाज घालवते म्हणून त्याला धर्मकृत्य म्हणावे, परंतु ते खरे नाही. मधुमेह्याची साखर मोजता येते. विषादग्रस्ताच्या मेंदूत सेरोटोनिन कमी असते असे सातत्याने दाखवणारा पुरावा मिळालेला नाही, असा निष्कर्ष २०२२ साली या विषयावरील संशोधनाची एकत्रित छाननी करून जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्यावर काहींनी लगेच औषधेच खोटी अशी मखलाशी केली. ही मखलाशी तर्काला धरून नाही. गुण का येतो याची उपपत्ती ढासळली म्हणून आलेला गुण नाहीसा होत नाही. आयुर्वेदाच्या वारसांना तरी हे समजावून सांगावे लागू नये.

मग गुण किती येतो? २०१८ साली ऑक्सफर्डचे आंद्रेया चिप्रियानी आणि त्यांचे सहकारी यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र घेऊन २१ औषधांची तुलना केली. सर्वच्या सर्व औषधे लटक्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरसपणा माफकच होता. साधारणतः गोळी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना चांगला गुण येतो, तर लटकी गोळी घेणाऱ्यांपैकी तिघांत एकाहून काही अधिकांना. अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम, मिर्टाझापिन, व्हेनलाफॅक्सिन ही काहीशी अधिक प्रभावी, आणि सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही रुग्णांनी अधिक सोसलेली, एवढा तरतमभाव निघाला; त्यापलीकडे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावण्याजोगे अंतर त्यांच्यात नाही.

आणि येथेच, ज्याला आपण अधिकारभेद म्हणतो ते तत्त्व अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ज्ञानमार्ग श्रेष्ठ की भक्तिमार्ग, या प्रश्नाला आपल्या आचार्यांनी पुष्कळदा कोणासाठी, असा प्रतिप्रश्न करून उत्तर दिले. औषधांच्या बाबतीत जाणता डॉक्टर हेच करतो. ज्याची अन्नावरची वासना उडाली आहे, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि वजन घटत चालले आहे अशा वृद्धाला मिर्टाझापिन वरदान ठरते, कारण त्याने झोप येते आणि भूक वाढते. त्याच गुणामुळे स्थूल तरुणीला ते नकोसे होते. हृदयविकार होऊन गेलेल्याला सर्ट्रालिन बहुधा सोसते. मधुमेहाने पायांच्या नसा ज्याच्या जळत असतात त्याला ड्युलोक्सेटिन एका वाटेने दोन कामे करते. व्हेनलाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो. एस्सिटालोप्राम इतर औषधांशी फारसे भांडत नाही, मात्र मोठ्या मात्रेत हृदयाच्या विद्युत्‌गतीवर लक्ष ठेवावे लागते. दांपत्यजीवनातली इच्छा मावळणे ही या बहुतेक औषधांची अशी तक्रार आहे की जी आपल्याकडे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. बुप्रोपिऑनमध्ये ती सहसा उद्भवत नाही, पण ज्याला फेफरे येते त्याला ते देता येत नाही आणि चिंतेवर त्याचा भरवसा कमी. अमिट्रिप्टिलिन जुने, स्वस्त आणि समर्थ. परंतु तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडते, काचबिंदू चढतो, आणि जास्त मात्रा हृदयाला घातक असल्यामुळे जीव देण्याचे विचार ज्याच्या मनात घोळत आहेत त्याच्या बाबतीत डॉक्टर ते टाळतात. पंचविशीच्या आतल्यांना यांतले कोणतेही औषध सुरू केले तर पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण या वयात अशा विचारांना प्रारंभी उठाव येऊ शकतो. तसा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली तरुणांसाठी छापावयास लावला. आणि ज्याच्या पूर्वायुष्यात उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत त्याने ती कैफियत लपवली, तर विषादाचे औषध त्याला उलट बाजूच्या दरीत लोटू शकते.

चिंताविकाराचे प्रकरण थोडे निराळे आहे. तेथेही दीर्घकाळचा इलाज म्हणून हीच औषधे, सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम, दिली जातात. पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात धडधड उलट वाढल्यासारखी वाटते, म्हणून मात्रा थोडकी ठेवून आरंभ करतात. उलट अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम तासाभरात उतारा देतात. कठोपनिषदातला यम नचिकेत्यापुढे जो श्रेय आणि प्रेय यांचा निवाडा मांडतो, तो औषधांच्या दुकानात इतक्या उघडपणे भेटेल असे कोणाला वाटले नसते. तासाभरात सुख देणारी गोळी काही आठवड्यांत सवय लावते, मात्रा वाढवून मागते, म्हातारपणी तोल घालवून पाडते. आणि तरीही झोपेची म्हणून ती वर्षानुवर्षे घेणारे आजीआजोबा आपल्या घराघरांत आहेत, ज्यांना सर्ट्रालिनचे मात्र भय वाटते. थोड्या मुदतीसाठी, हाती धरून पैलतीरी नेण्यापुरती ती द्यावीच लागते, हे खरे. मुदत मात्र कोणी तरी ठरवली पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळतो. गीतेच्या आरंभी अर्जुनाचे अंग गळाले, तोंड सुकले, त्वचा जळू लागली, मन भोवंडले; भगवंतांनी त्याला गोळी दिली नाही, गीता सांगितली, असे या वादात कोणी ना कोणी म्हणतोच. पण अर्जुन त्या अवस्थेतही कुलक्षयावर सुसंगत व्याख्यान देत होता. त्याच्या विषादाला कारण होते, आणि युक्तिवाद आत शिरायला दार उघडे होते. ज्याला सकाळी अंथरुणातून उठून तोंड धुणे हाच डोंगर वाटतो त्याच्या मनाला समर्थांप्रमाणे सज्जन म्हणून हाक मारावी, तर हाक ऐकणारे तेथे कोणी उभे नसते. तुकोबांचा दाखलाही असाच घाईने दिला जातो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, दिवाळे निघाले, आणि त्या दुःखातून अभंग उगवले अशी परंपरा आहे; दुःख बोथट केले असते तर अभंग कोठून आले असते? अमेरिकेत प्रोझॅकवर पुस्तक लिहिणाऱ्या पीटर क्रेमर यांना लोक हाच प्रश्न पाश्चात्त्य प्रतिभावंतांची नावे घेऊन विचारीत. पण तुकोबांच्या त्या दुष्काळात होरपळलेली जी हजारो माणसे भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच, त्यांचे अभंग नाहीत म्हणून त्यांची मोजदाद नाही. एक तुकोबा दाखवून बाकीच्यांना दुःख सोसण्याचा हुकूम सोडणे हे मला निर्दयपणाचे वाटते.

आक्षेपाचे वजन आहे ते दुसरीकडे. ही औषधे घेणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार असते की रडू येईनासे झाले, पण गहिवरही येईनासा झाला. मुलीच्या पाठवणीला डोळे कोरडे, कीर्तनात आख्यान रंगले असता मन काठावर. आणि भाविक रुग्णाच्या बाबतीत एक सूक्ष्म धोका असा की, हा सपाटपणा त्याला वैराग्य वाटू लागतो, सुखदुःखे समान झाली म्हणून तो मनातल्या मनात स्वतःला स्थितप्रज्ञाच्या रांगेत बसवतो. ही समता स्थितप्रज्ञाची नव्हे. स्थितप्रज्ञापर्यंत लाट येते आणि तो हलत नाही. येथे लाटच येत नाही. पतंजलींची अट येथे प्रत्यक्षात दिसते: आशय जागच्या जागी आहे, त्याच्यावर जाड पांघरूण पडले आहे एवढेच. व्यवहारात याला उपाय आहे, मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे, आणि म्हणून हा अनुभव साधनेची प्रगती समजून झाकून न ठेवता डॉक्टरला सांगितला पाहिजे. गोळीचे काम रुग्णाला आसनावर बसण्याइतके उभे करणे. बसल्यावर काय पाहायचे ते पाहणे त्याच्याकडेच राहते.

शोकाच्या बाबतीत तर मी डॉक्टरांशीच भांडेन. आपल्या शास्त्राने दहा दिवसांचे सुतक, तेरावा, मासिके, वर्षश्राद्ध अशी दुःखाला पायरीपायरीने उतरण्याची वाट बांधून दिली, आणि त्या मुदतीत माणसाने कामाला रुजू व्हावे अशी अपेक्षा केली नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेतही पूर्वी शोकाला सवलत होती. १९९४ च्या आवृत्तीत प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतरचे दोन महिने बहुधा विषादरोगातून वगळलेले होते. २०१३ च्या आवृत्तीत ती सवलत काढली. शोकाच्या आड खरा रोग दडू नये हा त्यामागचा हेतू मला समजतो, आणि पतीच्या मृत्यूनंतर अन्नपाणी सोडून जीव द्यायला निघालेल्या बाईला तेराव्यापर्यंत थांबा म्हणणे पाप होईल. तरीही, पंधरा दिवस रडणे एवढ्यावरून जर कोणाच्या हाती चिठ्ठी पडत असेल, तर तेथे गोळीने रोग नव्हे, ऋण झाकले जाते.

राहिला औषध सोडण्याचा प्रश्न, आणि साधकाला तो सर्वांत बोचतो, कारण गोळीवाचून चालत नाही म्हणजे आपण बद्ध झालो असे त्याला वाटते. बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, विषाद पुन्हापुन्हा आला असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. एकाएकी सोडले तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखी सणक, चिडचिड असा त्रास अनेकांना होतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत तो अधिक, तर फ्लुओक्सेटिन शरीरातून आठवड्याआठवड्यांनी आपोआप ओसरत असल्याने त्यात कमी. याला व्यसन म्हणू नये, व्यसनी मनुष्य गोळीसाठी तळमळतो तसे येथे कोणी तळमळत नाही. पण मात्रा हळूहळू, काही वेळा महिनोन्‌महिने उतरवावी लागते हे आरंभीच सांगितलेले बरे. आषाढीच्या वारीला निघणाऱ्यांपैकी काही जण, माउली सांभाळील म्हणून गोळ्या घरीच ठेवतात. व्हेनलाफॅक्सिन घेणारा असा वारकरी पालखी सासवडला पोहोचेपर्यंत भोवंडू लागेल आणि दिवेघाटाच्या चढाला दोष देईल. शिवाय साठीपुढच्या माणसात या औषधांनी रक्तातले सोडियम घटू शकते, उन्हातान्हाच्या चालीत तर विशेष, आणि तेव्हा येणारी गुंगी लोकांना भावसमाधी वाटण्याचा संभव असतो. अशा वेळी दिंडीतल्या मंडळींनी त्याला वैद्यकीय पथकाच्या तंबूत नेऊन रक्त तपासून घ्यावे, आणि पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी किती दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.